शेवंतीच्या कानात

सकाळी साडेदहाला सत्तारभाई नालबंद शेवंतीच्या पुढच्या उजव्या पायाशी वाकले आणि दुसऱ्याच क्षणी उडी मारून मागे आले. जिथे त्यांचा गुडघा होता तिथून शेवंतीचा खूर सणसणत गेला होता आणि पाण्याची बादली अंगणभर गडगडत सुटली होती. हवालदार आणि झुणका हे घरचे दोन कुत्रे मोठं काम मिळाल्यासारखे भुंकत बादलीमागे धावले.

"भाभी, ये नहीं होगा," सत्तारभाईंनी कपाळाचा घाम पुसला. "ईश्वरभाऊंशिवाय ही पाय देत नाही. अकरा साल का रेकॉर्ड आहे."

"भाऊ धंतोलीच्या दवाखान्यात हायेत, पाय वर टांगून," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "तिथून आनू का उचलून?"

त्या रागावल्या होत्या आणि तो राग सत्तारभाईंवर नव्हता, शेवंतीवर होता. आठ दिवसांपूर्वी या पांढऱ्याशुभ्र, गरीब चेहऱ्याच्या घोडीनं त्यांच्या नवऱ्याला पाडून त्याचा पाय मोडला होता. निदान ईश्वरदासांनी तसं सांगितलं होतं. तेव्हापासून बाईंनी घोडीचा गूळ बंद केला होता, तिच्याशी बोलणं बंद केलं होतं आणि बुटीबोरीकडच्या एका फार्महाउसवाल्याला फोन करून टाकला होता. तो परवा घोडी पाहायला येणार होता. उद्याची वरात झाली की शेवंती दारात नको, हे त्यांनी ठरवलं होतं.

"आज पाय मोडला, उद्या मान मोडंल," हे त्यांचं म्हणणं. ते बरोबर नाही असं कोण म्हणणार? दवाखान्यात पडल्या पडल्या ईश्वरदास एवढंच म्हणाले होते, "जाऊ दे न वं, जनावर हाये थे." त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "जनावर हाये म्हनूनच."

ईश्वरदास मूळचे विणकर. बापजाद्यांपासून घरात माग. माग बंद पडल्यावर इतरांनी रिक्षा घेतल्या, पानठेले टाकले. यांनी घोडी घेतली. मग कळमेश्वर रस्त्यावर तीन एकर, एक गोठा, दुसरा घोडा, कुत्रे असं वाढत गेलं. मुलगी रोशनी शिकून आली आणि तिनं फाटकावर 'शेवंती रँच' अशी पाटी लावली. रविवारी शहरातली मुलं घोड्यावर बसायला शिकतात, लग्नसराईत शेवंती वरातीला जाते. रोशनी रँच म्हणते, गाव घोड्यायची वाडी म्हणतं आणि लीद दोघांच्याही मते सारखीच काढावी लागते.

आता शेवंतीच्या पुढच्या पायाची नाल निघाली होती. नालेशिवाय तिला डांबरी रस्त्यावर काढलं तर शंभर पावलांत लंगडणार. सत्तारभाईंना दोन वाजताच्या बसनं अमरावतीकडे जायचं होतं आणि पंचक्रोशीत दुसरा नालबंद नव्हता. दुसऱ्या घोड्याला, बादशहाला पाठवावं म्हटलं तर त्याला बँडचं वावडं. मागे एकदा ढोल वाजताच तो नवरदेवासकट भर चौकात बसला होता. त्या नवरदेवानं पुढे वर्षभर ईश्वरदासांना ओळख दिली नाही.

आणि शेवंती पाय देईना. तिला नाल ठोकायची एकच रीत होती. ईश्वरदास तिच्या डाव्या कानाशी तोंड नेत आणि हळू आवाजात काहीतरी पुटपुटू लागत. शेवंती कान वळवून, डोळे अर्धे मिटून ऐकत राही आणि खाली सत्तारभाई एकामागून एक पाय उरकत. काय पुटपुटता म्हणून विचारलं तर ईश्वरदास गंभीर होत. "मंत्र हाये. जत्रेतल्या एका म्हाताऱ्या घोडेवाल्यानं देल्ला. सांगतला का असर जाते."

"मी पाहाते," रोशनी पुढे झाली. ती शेवंतीच्या कानात पाच मिनिटं गोड गोड बोलली. शेवंतीनं ते ऐकून घेतलं आणि पाय होता तिथेच ठेवला. मग कुसुमावतीबाईंनी मनावर दगड ठेवून गुळाचा खडा पुढे केला. आठ दिवसांचा अबोला मोडून केलेली ही तडजोड शेवंतीनं खाऊन टाकली. पाय मात्र दिला नाही.

"वास, आई," रोशनी म्हणाली. "बाबांचा वास नाही येऊन राहिला तिले."

म्हणून बाईंनी साडीवरून नवऱ्याचा खाकी शर्ट चढवला, डोक्यावर त्याची मळकी टोपी घातली आणि घोडीच्या कानाशी जाऊन उभ्या राहिल्या. बोलायचं काय हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी बेचा पाढा सुरू केला. बे चोक आठपर्यंत शेवंती थांबली. मग ती जोरात शिंकली आणि टोपी हौदात गेली.

"वहिनी, हे काय घालून राहिल्या तुमी?" फाटकातून आवाज आला.

शेजारचे धोंडबा होते. पंचाहत्तरीचे, शिडशिडीत, उद्याच्या लग्नासाठी आजच दाढी करून आलेले. उद्या सकाळी त्यांच्या नातवाचं, धम्मदीपचं लग्न होतं आणि वरात शेवंतीवरून निघायची होती.

"जयभीम, काका. बसा," कुसुमावतीबाईंनी घाईघाईनं शर्ट काढला. "काही नाही. घोडी नखरे करून राहिली."

सत्तारभाईंनी खरं काय ते सांगितलं. धोंडबांनी शेवंतीच्या मानेवर हात फिरवला. मग म्हणाले, "पोरगा म्हन्ते, आबा, कार करू. मी म्हनलं नाही. माह्या लग्नात मले घोडीवर बसू देल्लं नव्हतं गावानं. धम्मदीप घोडीवरूनच जाईन. म्या सगळ्याईले सांगून ठेवलं हाये."

ते चिडून बोलले नाहीत, उद्या जेवायला या म्हणावं तसं बोलले. त्यामुळे कुसुमावतीबाईंना जास्तच लागलं. शब्द दिला होता तो त्यांच्या घरानं.

"रोशनी, बाबाले फोन लाव," त्या म्हणाल्या.

धंतोलीच्या दवाखान्यात ईश्वरदास सहा खाटांच्या खोलीत पडले होते. फोनवर सगळं ऐकल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "दुसरा काही उपाय नाही का?"

"नाही. तुमचा मंत्र म्हना. फोन तिच्या कानाशी धरतो आमी."

"मंत्र फोनवर नाही चालत."

"काहून नाही चालत? पूजा फोनवर होऊन राहिली लोकायची."

"पूजेचं वेगळं असते. हे घोडीचं हाये."

"अहो, धोंडबाकाका समोर बसले हायेत. काय सांगू त्याईले?"

ईश्वरदास खाकरून म्हणाले, "बरं. धरा." रोशनीनं फोन शेवंतीच्या कानाशी नेला आणि फोनमधून जड आवाज येऊ लागला, "ओम हिरीम, हिरीम क्लीम, ओम फट्, फट्..."

शेवंतीनं दोन्ही कान मागे पाडले. हे लक्षण सत्तारभाई ओळखत होते, त्यामुळे ते वेळेवर बाजूला झाले. त्यांची खूर घासायची कानस मात्र झाली नाही. ती उडून गोठ्याच्या कौलांवर जाऊन पडली.

सत्तारभाईंनी रोशनीकडून फोन घेतला आणि गोठ्यामागे गेले. "भाऊ," ते हळूच म्हणाले, "ये ओम फट् कहाँ से लाए? अकरा साल मी घोडीच्या पोटाखाली बसतो. माझे कान काय घरी ठेवून येतो? तुम्ही काय बोलता ते मला ठाऊक आहे. कधी कुणाला बोललो?"

तिकडून ईश्वरदासांचा आवाज एकदम खाली आला.

"सगळं आयकलं तुमी?"

"सगळं. तेच बोला. घोडीला सवय त्याची आहे. दूसरा माल वो लेगी नहीं."

मंत्रबिंत्र काही नव्हतं, हे आता वाचकांनाही सांगायला हरकत नाही. अकरा वर्षं, दर दीड महिन्यानं, हा माणूस घोडीच्या कानात आपलं मन मोकळं करत होता. जे बायकोला सांगायची छाती झाली नाही, मुलीला सांगायची लाज वाटली, मित्राला सांगितलं तर गावभर होईल अशी भीती वाटली, ते सगळं शेवंतीच्या डाव्या कानात गेलं होतं. कुणी देवापुढे बोलतं, हे घोडीपुढे बोलत. घोडी निदान कान तरी हलवते.

"कुसुम कुठं हाये?" त्यांनी विचारलं.

"अंगणात."

"तिले म्हना, वीस पावलं दूर. सगळ्यायनं. निंबाखाली बसा म्हना. मंत्राच्या टायमाले कोनी जवळ नाही पाह्यजे."

हा निरोप ऐकून कुसुमावतीबाई निंबाखालच्या बाजेवर जाऊन बसल्या आणि तुरीच्या शेंगा सोलू लागल्या. त्या इतक्या मुकाट्यानं गेल्या की रोशनीला तेव्हाच संशय यायला हवा होता. धोंडबाही त्यांच्या शेजारी जाऊन टेकले. रोशनीनं केसांतलं रबर काढून त्यानं फोन शेवंतीच्या म्होरकीला, कानाच्या खालीच बांधला, स्पीकर चालू केला आणि तीही निंबाखाली आली.

दवाखान्यात ईश्वरदासांनी चादर डोक्यावरून घेतली. फोन तोंडाशी धरून ते कुजबुजले, "शेवंते, आयकून राहिली का वं?"

शेवंतीचा डावा कान वळला. तिनं एक लांब सुस्कारा सोडला आणि आपण होऊन पाय उचलला. सत्तारभाईंनी तो गुडघ्यांत धरला, खूर तासला, नाल बसवली आणि पहिल्या खिळ्यावर हातोडी मारली. ठण्ण आवाज झाला तशी कुजबूज बुडाली. शेवंतीनं पाय ओढला.

"भाऊ, जोरात!" सत्तारभाई खालून ओरडले. "हातोडीत ऐकू येत नाही तिला!"

"दर मंगळवारी मी तुह्या नावानं भुसा आनाले जातो," चादरीखालून आवाज जरा वाढला. "भुसा सोमवारीच आनून ठेवला असते. मंगळवारी तर्री पोहे खातो. दोन प्लेट. वरून जिलबी."

शेंगा सोलणारे हात थांबले. ईश्वरदासांची साखर दोनशे ऐंशी होती आणि त्यांच्यासाठी घरात अडीच वर्षं बिनसाखरेचा चहा आणि कारल्याचा रस चालू होता. सोबत म्हणून बाईही तोच चहा पीत होत्या.

"अजून जोरात, भाऊ! दुसरा खिळा!"

"कुसुम इचारते, साखर काहून उतरत नाही. मी म्हन्तो, टेन्शन. आता तूच सांग, टेन्शन नाही का येनार? जिलबी लपवून खा लागते त्याचंच टेन्शन हाये."

रोशनीनं आईकडे पाहिलं नाही. ती हवालदाराच्या कानातल्या गोचिडी शोधू लागली.

"जोरात!"

इकडे जोरात म्हणजे तिकडेही जोरात होतं, हे ईश्वरदासांच्या ध्यानात राहिलं नाही. खोलीतल्या बाकीच्या पाच खाटा शांत झाल्या होत्या. समोरच्या खाटेवरच्या उमरेडच्या गुरुजींनी रेडिओ बंद केला होता. अंजू सिस्टर थर्मामीटर हातात धरून चादरीच्या ढिगाशेजारी उभी होती, पण ती चादर ओढत नव्हती.

"आन थो तिसरा कुत्रा," ईश्वरदास आता मोकळ्या गळ्यानं बोलत होते, "धोंडबाकाकाचा नाही थो. माहाच हाये. कुसुमनं सांगतलं होतं, दोनच्या वर कुत्रा दिसला तं तुमीच बाहेर निजा. म्हनून काकाले म्हनलं, कोनी इचारलं तं तुमचा म्हना. काकानं घरी इंदूकाकूले सांगतलं, ईश्वरचा हाये. असा दोन घरी जेवते थो. आपला पाव्हना!"

धोंडबा उठले. "मले वाटते, मी निंघतो. मांडवाचं पाहा लागते."

"बसा, काका," कुसुमावतीबाई म्हणाल्या. धोंडबा बसले.

आठ महिन्यांपूर्वी एका दिवसासाठी म्हणून आला आणि राहिला, म्हणून त्या कुत्र्याचं नाव पाव्हणा. तो कुंपणाजवळ झोपला होता. आठ दिवस न दिसलेल्या मालकाच्या आवाजात आपलं नाव ऐकताच तो ताडकन उठला, सरळ शेवंतीकडे धावला, आवाज कुठून येतो ते दोनदा हुंगून नक्की केलं आणि एका उडीत रबरासकट फोन तोंडात धरून पळाला.

शेवंतीचा कान आधी फिरला, मग मान, मग सगळी घोडी. सत्तारभाईंच्या गुडघ्यांतून पाय निसटला आणि ती आवाजामागे निघाली. सहापैकी तीन खिळे ठोकून झाले होते, त्यामुळे सैल नाल दर पावलाला खटाखट वाजत होती.

"अरे पकडो! नाल निकल जाएगी! खूर फाटेल तिचा!" सत्तारभाई हातोडी घेऊन धावले. त्यांच्यामागे रोशनी आणि तिच्यामागे, आपल्याशिवाय काही चालू नये म्हणून, हवालदार आणि झुणका. बादशहा तेवढा गोठ्यात उभा राहून चारा खात होता. वाजतंय ते बँड नाही एवढं त्याला पुरेसं होतं.

वाडीला असे दोन फेरे झाले. सगळ्यांच्या पुढे पाव्हणा आणि पाव्हण्याच्या दातांमधून ईश्वरदासांचा आवाज, "हालू नको बाई, उभी राह्य... मले तुले काही सांगाचं हाये..."

तिसऱ्या फेऱ्याला पाव्हणा निंबाखाली वळला आणि त्यानं फोन कुसुमावतीबाईंच्या पायांशी ठेवला. रोज दुपारी भाकरी त्याला याच पायांशी मिळायची. ही गोष्ट बाईंनीही आजवर कुणाला सांगितलेली नव्हती.

पाठोपाठ शेवंती आली. फोनपाशी येऊन थांबली, मान खाली घालून तिनं कान पुढे केला. धापा टाकत सत्तारभाई आले, त्यांनी एका हातानं घोडीचा पाय दाखवला आणि दुसऱ्या हातानं बाईंना खूण केली. कुसुमावतीबाईंनी फोन उचलला, त्याची लाळ पदराला पुसली आणि तो शेवंतीच्या डाव्या कानाशी धरला. त्यांचा स्वतःचा कान तिथून चार बोटांवर होता.

शेवंतीनं पाय दिला.

"शेवंते, मले माफ कर," ईश्वरदास म्हणत होते. "तू नाही पाडलं मले. तू तं तवा गोठ्यात उभी होती. मी मागच्या खोलीत ड्रमवर चढलो. रोशनीच्या मैत्रिनीच्या लग्नातला लाडवाचा डब्बा कुसुमनं माळ्यावर ठेवला होता. लाडू हाती आला आन ड्रम सरकला. लोकायनं इचारलं, कसा पडला? आता ह्या वयात लाडवापाई पडलो म्हनू का? तुहं नाव घेतलं. वाटलं, घोडीवरून पडलो म्हनलं तं इज्जत राहीन."

ठण्ण. चौथा खिळा.

"मले काय माहीत, कुसुम तुले विकाले काढंल म्हनून! चार दिवस झाले, झोप नाही. खरं सांगतलं तं लाडू निंघते, लाडू निंघला तं जिलबी निंघते, जिलबी निंघली तं कुत्रा निंघते. कुठून सुरू करू? आन नाही सांगतलं तं तू जाते. तू गेली तं मी कोनाशी बोलू?"

ठण्ण. पाचवा. रोशनीचे डोळे भरले होते आणि तिला हसूही येत होतं, त्यामुळे तिनं तोंड ओढणीत खुपसलं होतं.

"कुसुमशी बोलाव म्हन्तो. नाही जमत. भीती वाटते. भांडनाची नाही. थे चांगली हाये त्याचीच भीती वाटते. माग बंद पडला तवा मी सहा महिने भिताडाकडं तोंड करून निजलो होतो. कुसुमनं मले एकदाबी नाही म्हनलं, का कमवा. एका दिवशी म्हने, तुमी त्या घोडीले रोज पाहाले जाता न, तं घेऊन या. बस, एवढंच म्हने. तीस-बत्तीस वर्षं झाली लग्नाले, मी तिले एकदाबी नाही सांगतलं, का त्या दिवशी मी जगलो. आता एवढ्या वर्षानं कसं सांगाचं? हसन थे."

ठण्ण. सहावा. सत्तारभाईंनी खिळ्यांची टोकं मुरडली, पाय खाली ठेवला आणि कुणाकडे न बघता आपली हत्यारं पिशवीत भरू लागले.

"झालं का, सत्तारभाई?" फोन विचारत होता. "आता थांबू का?"

कुसुमावतीबाईंनी फोन स्वतःच्या तोंडाशी धरला. "झालं," त्या म्हणाल्या.

दवाखान्यात चादर हलायची थांबली.

"कुसुम?"

"हाव."

"कवापासून हायेस तू?"

"भुशापासून."

यानंतर फोन बंद झाला. कुणी बंद केला यावर पुढे एकमत झालं नाही. अंजू सिस्टरनं चादर दूर करून ईश्वरदासांचा रक्तदाब पाहिला आणि कुणाला विचारायला न थांबता थेट डॉक्टरांना बोलावून आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंती ताठ मानेनं वरातीत चालली. धम्मदीप तिच्यावर जरा अवघडून बसला होता, पण धोंडबांनी लगाम स्वतःच्या हातात घेतला होता आणि उन्हात दोन किलोमीटर तो कुणाला धरू दिला नाही. परत आल्यावर कुसुमावतीबाईंनी बुटीबोरीला फोन लावला.

"घोडी विकाची नाही," त्या म्हणाल्या. "पाडनारी घोडी नव्हती, पडनारा मानूस होता. त्याचं गिऱ्हाईक असंल तं सांगा."

चार दिवसांनी ईश्वरदासांना घरी जायला परवानगी मिळाली. ती त्यांनी नाकारली. अजून दुखतंय, चक्कर येते, अजून दोन दिवस ठेवून पाहा, असं त्यांनी तीन डॉक्टरांना सांगितलं. "ताप हाये का पाह्यजो, सिस्टर," ते म्हणाले. अंजू सिस्टरला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "काका, जा आता घरी. जे होईल ते होईल."

घरी काहीच झालं नाही. बाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, गरम भात वाढला, औषधं वेळेवर दिली. जिलबीचं नाव नाही, लाडवाचं नाव नाही. पाव्हणा दिवसाढवळ्या ओसरीवर झोपू लागला, त्यावरही त्या बोलल्या नाहीत. ईश्वरदास पहिल्या आठवड्यात घाबरले, दुसऱ्या आठवड्यात खंगले. "एकडाव बोलून टाक वं," असं त्यांच्या अगदी ओठांवर यायचं. एका दिवशी तर त्यांनी भात खाता खाता आपण होऊन "थे... त्या दिवशी फोनवर..." इथपर्यंत मजल मारली. बाई म्हणाल्या, "भाजी देऊ का?" त्यांनी भाजी घेतली.

दीड महिन्यानं सत्तारभाई पुन्हा आले. ईश्वरदास काठी टेकत, आता तरी कुणाशी बोलायला मिळणार म्हणून, जवळजवळ आनंदानं शेवंतीकडे निघाले. पोचून पाहतात तो कुसुमावतीबाई पदर खोचून आधीच तिच्या कानाशी उभ्या.

"तुमी निंबाखाली बसा," त्या म्हणाल्या. "वीस पावलं."

"पन मंत्र..."

"माह्याजवळ हाये माहा."

ईश्वरदास बाजेवर जाऊन बसले. बाईंनी शेवंतीच्या मानेवर हात टाकला, तोंड तिच्या कानाशी नेलं आणि बोलायला सुरुवात केली. शेवंतीनं डोळे अर्धे मिटले आणि पाय उचलला. एवढ्या निमूटपणे तिनं ईश्वरदासांनाही कधी पाय दिला नव्हता. वीस पावलांवरून एक अक्षर ऐकू येत नव्हतं. बाईंचा हात तेवढा मधून मधून हलत होता आणि एकदा तो निंबाकडे वळून पुन्हा मागे गेला. ईश्वरदासांनी मान लांब करून पाहिली.

"रोशनी, काय सांगून राहिली थे?"

"मले काय माहीत, बाबा. तुमी दवाखान्यात होते तवापासून रोज संध्याकाळी जाते गोठ्यात."

"रोज?"

"हाव."

पहिला पाय झाला, दुसरा झाला, चारही झाले. सत्तारभाई घोडीखालून बाहेर आले. त्यांनी हात धुतले, चहा प्याले, ईश्वरदासांकडे न बघता मोटारसायकलला पिशवी बांधली आणि निघूनही गेले. शेवंती चारही पायांवर उभी राहून ऐकतच होती. बाई बोलतच होत्या.

शेवटी ईश्वरदासांना राहवेना. ते बाजेवरून उठले आणि जागेवरूनच ओरडले, "कुसुम! नाल झाली वं! अजून किती हाये?"

कुसुमावतीबाईंनी मागे वळून पाहिलं. त्यांचे डोळे ओले होते आणि चेहरा मात्र कधी नव्हे इतका हलका झाला होता.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "आपलं लग्न एक्याण्णवचं न? आत्ता कुठं ब्याण्णवची संक्रांत लागली."

ऊन गोठ्याच्या दारापर्यंत आलं होतं.

"रोशनी," ते म्हणाले, "आईले खुर्ची नेऊन दे. आन पानी ठेव जवळ."